घाट धरून की घाट सोडून?

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला होता. "हे तीनशे किलोमीटर घाट धरून की घाट सोडून?"

बाबा एसटीत ड्रायव्हर होते, निम्मी नोकरी कराड डेपोत. रस्ता, वजन आणि चालवणारा माहीत नसताना गाडी किती देते हे सांगता येतं, हे त्यांना पटतच नाही. मी मोबाईलवर जाहिरात दाखवली. 24 युनिटची बॅटरी, रेंज तीनशेच्या वर. पाटणच्या अलीकडचं आमचं गाव कोथरूडपासून 190 किलोमीटर. "पोचून वर शंभर उरतील," मी म्हणालो. त्यांनी एफडी मोडली.

पुण्यात वर्षभर तक्रारीला जागा नव्हती. सिग्नल, ट्रॅफिक, ब्रेक दाबला की थोडी वीज परत. अडीचशेच्या आसपास सहज मिळायचे. मग मे 2024 मध्ये धाकटे काका गेले.

दहाव्याचा विधी साडेसातला, नदीवर. आई, आत्या, बाबा आणि मी पहाटे साडेचारला निघालो. रस्ता मोकळा होता, मी नव्वद-पंच्याण्णवने सुटलो. खंबाटकी घाट चढताना डोळ्यांदेखत चार टक्के गेले, पलीकडच्या उतारावर एकच परत आला. साताऱ्याला पोचलो तेव्हा 110 किलोमीटरमध्ये 59 टक्के संपले होते. उरले 41, आणि जायचं होतं अजून 80 किलोमीटर. ॲपवर हिरवा दिसणारा चार्जर गाठला, तर त्याची स्क्रीन काळी. वीस मिनिटं मी कस्टमर केअरचं संगीत ऐकत उभा होतो.

बाबांनी काच खाली केली. "साठवर चालव. ब्रेक मारायची वेळ आणू नकोस."

मी एसी बंद करायला हात नेला. खरं तर आमच्या गाडीचा एसी तासाला एखादंच युनिट खातो, म्हणजे आठ-दहा किलोमीटर. खरा खाणारा वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. साठच्या जागी पंच्याण्णव म्हणजे जवळजवळ अडीचपट. हे मला तेव्हाही पाठ होतं. इंजिनिअर आहे मी. पण आकडा पडायला लागला की माणूस आधी एसी बंद करतो.

बाबांनी माझा हात बाजूला केला. "आत्याला उकडतंय."

साठने गेलो. उसाच्या ट्रॉल्या, टेम्पो, एकदा तर लग्नाची वरात घेऊन चाललेला ट्रक, सगळे आम्हाला मागे टाकून गेले. मागे आत्या हळूच रडत होती. त्या 80 किलोमीटरला फक्त 29 टक्के लागले.

आम्ही पोचलो आठ वीसला. लोक कोयनेवरून परत येत होते. चुलतभावाने कपाळाला हात लावला, "काका, भटजींना दुसरीकडं जायचं होतं, थांबले नाहीत." बाबा काही बोलले नाहीत. चपला काढून पाण्यात उतरले, हातपाय धुतले आणि पिंड ठेवले होते तिथे जरा वेळ उभे राहिले. मी काठावरच थांबलो.

तीनशेचा आकडा खोटा नव्हता, हे मी नंतर शोधून काढलं. आपल्याकडे ही चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर होते. तिच्या पहिल्या, शहरी भागात सर्वांत जास्त वेग ताशी 50, सरासरी जेमतेम 19. दुसऱ्या भागात वेग 90 पर्यंत जातो. 2024 पर्यंत जाहिरातींत पहिल्याच भागाचा आकडा यायचा. दोन्ही भागांचा मिळून आकडा सांगायला त्याच वर्षी सुरुवात झाली. रोलरला खंबाटकी नसते. मागच्या सीटवर आत्याही नसते. पण बाबांना तीनशे मी सांगितले होते, प्रयोगशाळेने नव्हे.

गाडी चुलतभावाच्या घरघंटीच्या पंधरा अँपिअरच्या प्लगला लावली. रात्रभर लागणार होती, म्हणून मुक्काम पडला. बाबा धाकट्या काकांच्या खाटेवर झोपले. रात्री दोनदा बॅटरी घेऊन अंगणात जाऊन आले.

सकाळी चहा घेताना त्यांनी खिशातली डायरी काढली. 110 ला 59, 80 ला 29, असं लिहिलेलं. बराच वेळ पेन्सिलीने भागाकार केला.

"शंभर टक्के झालीय," म्हणाले. "आपण एकशेसत्तर धरू."

"बरं," म्हणालो.

"आणि निघायचं तीनला."