ढिला कासरा

बाजारात बैलाचं वय दातांवरून सांगतात. आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला. आमच्या सिरसाळ्याकडे गोऱ्हा दुसा झाला, म्हणजे अडीच-तीन वर्षांचा, की त्याला जुंपायचे दिवस आले असं धरतात. तोवर तो गायीमागं हुंदडलेला, कुणाचं न ऐकलेला. शेपूट वर करून बांधावरून उधळणारा देवणी किंवा लाल कंधारी गोऱ्हा बघावा. तो पाळीव आहे हे आपलं म्हणणं; त्याला अजून तसं कुणी कळवलेलं नसतं.

माझे चुलते तात्या गोऱ्हे शिकवण्यात मुरलेले. सुरुवातीला त्यांचं शिकवणं दिसायचंच नाही. गोठ्यात जाऊन बसायचं, वशिंडावरून, पाठीवरून, पोटाखालून हात फिरवायचा, आणि तो थरथरायचा थांबला की मग पायाकडं वळायचं. मागून मात्र कधी जायचं नाही. बैलाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त नेमकं शेपटीमागचं दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीला तो आधी लाथ मारतो, विचार नंतर करतो.

पुढं मानेवर नुसतं जू. मागं काहीच नाही. ते अंगवळणी पडलं की ओंडका. हा ओंडका मला फार हुशारीचा वाटतो. तो मागून सरकतो, खडखडतो, पण अंगावर येत नाही. गोऱ्हा पळाला तर पळतो, थांबला तर गप्प होतो. हा आवाज आपल्याच चालण्याचा आहे, हे जनावराला ओरडून सांगता येत नाही; ते त्याचं त्यालाच उमगावं लागतं. ते उमगलं की भुसभुशीत रानात वखर, मग रिकामी गाडी, शेवटी भरलेली.

पण खरा मास्तर तात्या नव्हेतच. तो शेजारी जुंपलेला जुना बैल. गोऱ्हा उसळी मारतो, जू वाकडं होतं, आणि जुना बैल आपला उभा. तो रागावत नाही की घाबरतही नाही. दोन-चार उसळ्यांत गोऱ्ह्याची हौस फिटते आणि तो शेजाऱ्याच्या पावलाला पाऊल लावतो. दुष्काळात चारा संपला की आधी म्हातारा बैल विकायचा हिशेब निघतो. माणसाला हा हिशेब समजतोही. पण त्या बैलाबरोबर पुढच्या गोऱ्ह्यांची शाळाही दावणीवरून सुटते, हे त्या हिशेबात कुणी धरत नाही.

तात्यांचा एकच राग मी पाहिला, तोही माणसावर. एक पोरगा कासरा ताणून धरायचा. गोऱ्हा वळला तरी ओढ चालूच. "आरं, त्यानं ऐकलं की सोड की! ऐकून बी तू वढतच बसलास, तर त्यानं ऐकावं कशाला?"

पुढं अमेरिकेतल्या मस्टंग घोड्यांबद्दल वाचताना तात्यांचं हेच बोलणं आठवत राहिलं. हे घोडे स्पॅनिश लोकांनी नेलेल्या घोड्यांचे रानात मोकळे वाढलेले वंशज. 1971 पासून सरकारी जमिनींवर त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि चराईच्या मानानं कळप वाढला की काही घोडे पकडून लोकांना पाळायला देतात. पूर्वी असा घोडा दमेपर्यंत झोंबून, त्याची हिंमत मोडून वठणीवर आणत. टॉम डोरन्स, रे हंट यांच्यासारख्या गुराखी माणसांनी दुसरी वाट दाखवली. घोड्याकडं एक पाऊल टाका, त्यानं नुसता कान तुमच्याकडं वळवला तरी एक पाऊल मागं घ्या. दाब जनावराला हलवतो, पण शिकवतं ते दाब निघून जाणं. म्हणजे कासरा सोडणंच.

इथं भागीदारी, मैत्री असे गोड शब्द फार लवकर जिभेवर येतात. मला ते पुरते पटत नाहीत. गोऱ्ह्याचं नाक टोचून वेसण घालतात. त्याला खच्ची करतात. पूर्वी बडवून, आता दवाखान्यात चिमट्यानं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानंही ठरवून दिलेल्या पद्धतीनं केलेल्या या दोन्ही गोष्टी गुन्ह्यातून वगळल्या आहेत. भागीदाराला कुणी वेसण घालत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद-तूप चोळताना ते खांदे कशानं आंबले, हे चोळणाऱ्या हाताला पक्कं ठाऊक असतं.

आणि हाच शिकवलेला बैल दसरा-दिवाळीनंतर टायरगाडीला जुंपून ऊसतोडीला जातो. प्राणी क्रूरता कायद्याखालचे 1965 चे नियम सांगतात की जनावर दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त जुंपू नये, सलग पाच तासांवर तर नाहीच. पारा 37 अंशांच्या वर गेला तर दुपारी 12 ते 3 सोडून ठेवावं. आरीची पराणी वापरू नये. कारखान्याच्या वजनकाट्यापुढं रात्रभर नंबर लावून उभ्या असलेल्या गाडीला हे कोण वाचून दाखवणार? ज्याच्या हातात कासरा, त्याच्याच नाकात मुकादमाच्या उचलीची वेसण. गोठ्यात महिनोन् महिने राखलेला धीर तिथं चढाच्या एका रस्त्यावर संपतो. बैल वाईट शिकवला म्हणून नव्हे. घाई दुसऱ्याची आणि कर्जही त्याचंच, म्हणून.

तरीही हे कौशल्य जपावं असं मला वाटतं, आणि त्यामागं भाबडेपणा नाही. घाबरवून वाकवलेला बैल उतारावर भरल्या गाडीखाली माणसाला घेतो. समजून चाललेला बैल मात्र धन्याचा पाय घसरला तर थांबतो. तात्यांची परीक्षाही साधी होती. जुंपलेली जोडी रानात तशीच सोडून ते विहिरीवर पाणी प्यायला जायचे. परत येईतो जोडी जागेवर असेल तर शिकवणं झालं. नसेल तर उद्यापासून पुन्हा ओंडका.

आता आमच्याकडच्या परळीहून तेलगावकडं जाणाऱ्या रस्त्यावर गाड्या सुसाट असतात, आणि गोऱ्हा शिकवायला कधीतरी त्याच रस्त्याच्या कडेनं न्यावाच लागतो. एका बाजूला जुना बैल, दुसरीकडं बिचकलेला गोऱ्हा, मागं घसटणारा ओंडका, असं काही पुढं दिसलं तर हॉर्न वाजवू नका. वेग कमी करा, लांबून जा, आणि जागा नसेल तर थोडं थांबा.