गिटारचं पिल्लू

मुलांनो, होनोलुलूत पाऊस कसा येतो, माहीत आहे? अगदी आपल्या श्रावणासारखा! लख्ख ऊन, मध्येच एक सर आणि लगेच आकाशात इंद्रधनुष्य. हवाई बेटांवरच्या या शहरात माझी बहीण राहते. गेल्या वर्षी मी महिनाभर तिच्याकडे गेले होते.

माझा तेरा वर्षांचा भाचा मात्र तोंड पाडून बसलेला. पुण्याहून येऊन त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. शाळेत कुणी मित्र नाही. त्यातच वर्गातल्या सगळ्यांनी मिळून कार्यक्रमात उकुलेलेवर गाणं वाजवायचं होतं.

"मावशी, मला नाही जमणार. ती मुलं कधीपासून वाजवतात. मी पडलो बाहेरचा!"

मी ते वाद्य हातात घेतलं. गिटारचं पिल्लूच जणू! नायलॉनच्या चारच तारा. "अरे, हे तर खेळणं आहे. चल, दोघं मिळून शिकू," मी ऐटीत म्हटलं.

गाणं होतं 'ओव्हर द रेनबो'. १९३९ सालच्या 'द विझार्ड ऑफ ऑझ' या सिनेमातलं. पुढे हवाईच्याच इस्राएल कामाकाविवोओले या धिप्पाड गायकाने ते नुसत्या उकुलेलेच्या साथीवर गायलं. १९९३ साली ते त्याच्या अल्बममध्ये आलं आणि जगभर पोचलं.

समुद्राजवळच्या कापिओलानी पार्कमध्ये आम्ही सरावाला बसायचो. तिथे चक्क वडाची झाडं आहेत! एका वडाखाली एक आजोबा उकुलेले वाजवत बसलेले असत. हवाईत वडीलधाऱ्यांना 'अंकल' म्हणतात, आपल्या 'काका'सारखं. हे अंकल आमचे गुरू झाले.

तुमच्यापैकी कुणी पेटी शिकत असेल, तर त्याला हे चटकन कळेल. 'सी' हा सा धरला, तर उकुलेलेच्या तारा वरून खाली प, सा, ग, ध अशा लागतात. गंमत म्हणजे सगळ्यात वरची तार खर्जाची नसते, सा आणि ग यांच्याहून उंच असते! सगळ्यात खालची तार तिसऱ्या पट्टीच्या अलीकडे अनामिकेने दाबली, की धचा वरचा सा होतो. प, सा, ग, सा! झाली 'सी' कॉर्ड. एका बोटाचं काम.

पण 'एफ'वरून 'जी'वर जाताना सगळी बोटं उचलून नव्या जागी ठेवायची. माझं खेळणं तिथेच अडलं! बोटांची टोकं लाल झाली. बोट सापडेपर्यंत उजवा हातही थांबायचा. अंकल म्हणाले, "डावा हात चुकू दे. उजवा थांबवू नको. गाणं पुढे जात राहिलं पाहिजे."

एकदा भाच्याने विचारलं, "अंकल, हे वाद्य तुमच्याच बेटांवरचं ना?"

अंकल हसले. "नाही रे. तेही बाहेरून आलंय."

मग त्यांनी सांगितलं. २३ ऑगस्ट १८७९ रोजी 'रेव्हन्सक्रॅग' नावाचं जहाज होनोलुलूला लागलं. चार महिन्यांचा प्रवास करून पोर्तुगालच्या मादेइरा बेटावरून चारशेहून अधिक माणसं आली होती. कशासाठी? उसाच्या मळ्यांत राबायला! आपल्याकडे ऊसतोडणीला मजूर घरदार सोडून जातात ना, तशीच. त्यांनी आपलं छोटं चार तारांचं वाद्य सोबत आणलं होतं. त्यांच्यातल्या तीन सुतारांनी पुढे इथेच तशी वाद्यं बनवायला सुरुवात केली. हवाईचा राजा कालाकाउआ याला ते इतकं आवडलं, की राजवाड्यातही त्याचे सूर घुमू लागले. लोकांनी त्याला आपल्या भाषेतलं नाव दिलं, 'उकुलेले'. म्हणजे उड्या मारणारी पिसू! वाजवणाऱ्याची बोटं तशी नाचतात म्हणे. राणी लिलिउओकलानी मात्र त्याचा अर्थ सांगायची, 'इथे आलेली भेट'.

भाचा बराच वेळ त्या वाद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मावशी, पुन्हा 'एफ'पासून."

कार्यक्रमाच्या दिवशी मी पहिल्या रांगेत होते. दुसऱ्या कडव्यात 'जी' आला आणि त्याची बोटं चुकली. माझ्या पोटात गोळा आला. पण उजवा हात थांबला नाही. शेजारच्या मुलाने पायाने ठेका धरून त्याच्याकडे पाहिलं आणि पुढच्या 'सी'ला दोघं बरोबर होते.

घरी येताना तो एवढंच म्हणाला, "मावशी, उद्या मी उशिरा येईन हं. आम्ही दुसरं गाणं बसवतोय."

मी? माझी पिसू 'एफ'वरून 'जी'वर उडी मारताना अजूनही पडते!