जांभ्याच्या भिंती आणि बिनतारी लहरी

हर्णैचा मासळीबाजार मागे पडला की आंजर्ल्याची वाट नारळी-पोफळींत शिरते. कड्यावरच्या गणपतीच्या उंचीवरून पाहावे तर खाली समुद्र, पलीकडे सुवर्णदुर्ग, आणि माडांच्या शेंड्यांआड दडलेली कौलारू घरे. त्यांतलेच एक माझ्या आत्याचे. ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर; आणि भिंती दीड हात रुंद, जांभ्या दगडाच्या. हा दगड मोठा गमतीचा! खाणीतून काढताना मऊ, आणि वाऱ्यावर पडला की टणक होत जाणारा.

असल्या घरात बिनतारी लहरींनी शिरायचे कसे? नवरात्र संपता संपता मी गेलो, तेव्हा घरात हीच चर्चा. आत्याचा मुलगा टोरांटोला. त्याला नुकतीच मुलगी झालेली. खुब्याचे हाड मोडल्यापासून आत्या माजघरातल्या खाटेवर. संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तिकडे सकाळी दहाला, लॅपटॉप तिच्यापुढे ठेवायचा, आणि नातीचे तोंड दिसते न दिसते तोच चित्र गोठायचे.

"अरे, पोरीचं नाक कुणावर गेलंय तेवढं तरी बघू दे मला!" आत्या कळवळून म्हणायची.

मी मराठीचा मास्तर; पण वाक्यातला दोष शोधावा तसाच हाही शोधायचा. लॅपटॉप ओटीवर नेऊन राउटरच्या शेजारी ठेवला. चित्र झकास! म्हणजे बाहेरून येणारी लाइन निर्दोष, लॅपटॉपही निर्दोष; चोर मधल्या वाटेवर. तिथेही चित्र रखडते, तर दोष लाइनीत किंवा यंत्रात शोधावा लागला असता.

जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कलकत्त्यात भिंतीपलीकडची घंटा बिनतारी लहरींनी वाजवून दाखवली होती. तेव्हा भिंत काही अभेद्य नव्हे. पण प्रत्येक भिंत आपला जकातकर घेते. त्यातून सच्छिद्र जांभा पावसाळाभर पाणी पिऊन बसलेला, आणि पाणी या लहरी शोषते. भरीस भर, राउटर जमिनीवर, लोखंडी कपाटामागे! धातू तर लहरींना दारातूनच परत पाठवतो.

राउटर कपाटामागून काढून माजघराच्या दारासमोर उंच फळीवर ठेवला. त्याच्या दोन पट्ट्या असतात: ५ गिगाहर्ट्झची वेगवान, पण भिंतीपाशी दमणारी, २.४ ची संथ, पण लांब पोचणारी. लॅपटॉप पहिलीला चिकटला होता, त्याला दुसरीवर घातले. लॅपटॉपचा अँटेना बहुधा पडद्याच्या चौकटीत असतो, म्हणून पडदा पुरता उघडला. बॅटरी वाचवण्याची सोयही बंद केली; तिच्यापायी कधीकधी बिनतारी भागाला उपास घडतो.

मुंबई-पुण्याच्या वाचकांचे दुखणे निराळे. तिथे भिंती पातळ, पण शेजार दाट! २.४ च्या पट्टीवर एकमेकांच्या अंगावर न जाणारे मार्ग तीनच धरतात: १, ६ आणि ११. शेजाऱ्यांची गर्दी जिथे कमी, तो आपला करावा. राउटर त्याच खोलीत असेल तर सरळ ५ ची पट्टी घ्यावी.

आमचे चित्र सुधारले, पण बोलता बोलता मध्येच अडखळे. अखेर दापोलीहून वीस मीटर नेटवर्कची केबल आणली. ही तार शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. ओटीच्या तुळईवरून, झरोक्यातून ती थेट खाटेपाशी नेली. बिनतारीला शेवटी तारच तारते, ती अशी!

साडेसात वाजले. टोरांटोच्या पाळण्यात नातीने भलीमोठी जांभई दिली, आणि ती आरंभापासून शेवटपर्यंत अखंड दिसली.

"नाक आपल्याकडचंच हो!" आत्या म्हणाली. मग चष्मा पुसायला तिने पदर घेतला, आणि आम्ही सारे उगाचच तार नीट करीत राहिलो.