तक्त्यापलीकडचा अंधार

आरपीचा, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसाचा रुग्ण समोर बसला की माझं वाक्य ठरलेलं असायचं: "डोळ्याचा पडदा सुकत चाललाय, यावर उपाय नाही. उगाच औषधपाण्यावर पैसे घालवू नका." सल्ल्यात वावगं काही नव्हतं. पण त्यामागे एक ग्रह होता आणि तो मी कुणाला बोलून दाखवत नसे. या रुग्णाला दिलेला वेळ फुकट जातो, असं मला मनोमन वाटायचं. बाहेरच्या बाकावर मोतीबिंदूची माणसं ताटकळत असायची; त्यांच्यासाठी मी काहीतरी करू शकत होतो. दुर्मीळ आजारांवरचं संशोधन हे श्रीमंत देशांचं काम, आपल्याला ते परवडायचं नाही, असं माझं ठाम मत होतं. डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकेत लक्सटर्ना या जनुकोपचाराला मान्यता मिळाली. दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर. तो आकडा वाचून मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं ते एवढंच, की आपलं म्हणणं खरं ठरलं.

या ग्रहाला तडा गेला तो एका बाईंमुळे. त्यांचा दहावीतला मुलगा तक्ता भराभर वाचत गेला. नजर 6/9 भरली. मी म्हणालो, "नजर चांगली आहे की!" त्यावर बाई म्हणाल्या, "मग दिवेलागण झाली की हा गोठ्यात का पाय टाकत नाही, डॉक्टर? परवा बादलीला अडखळून वासराच्या अंगावर पडला." बाहुली मोठी करून मी पडदा पाहिला. कडेने काळे, फाटे फुटलेले डाग, रक्तवाहिन्या बारीक झालेल्या. निदान उघड होतं. मी ठरलेलं वाक्य बोललो. बाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "उपाय नसेल तर नसू दे. पण त्याला नक्की किती दिसतं, ते तरी सांगा."

मला ते सांगता येईना. तक्ता फक्त समोरच्या मधल्या टीचभर जागेची नजर मोजतो. या आजारात आधी अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी मरतात, कडेची नजर आक्रसत जाते आणि मधली नजर बऱ्याचदा शेवटपर्यंत तग धरते. हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो. तरीही आयुष्यभर रुग्णाला उजेडात, खुर्चीत बसवून, सरळ समोर पाहायला लावलं आणि "नजर चांगली" म्हणून मोकळा झालो.

त्यानंतर लक्सटर्नाच्या चाचणीचा 2017 सालचा शोधनिबंध मी पहिल्यांदा पूर्ण वाचला. तोवर फक्त किंमत वाचली होती. आरपीई65 या जनुकात दोष असला की प्रकाश टिपण्यासाठी लागणारं अ जीवनसत्त्वाचं रूप पडद्याला पुन्हा तयार करता येत नाही. हा दोष अंधत्वाला कारण ठरतो हे 1997 मध्ये कळलं. 2001 मध्ये तोच दोष असलेल्या ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांना जनुक देऊन दृष्टी आली. माणसांवरच्या चाचणीत निरुपद्रवी केलेल्या विषाणूवाटे चांगलं जनुक पडद्याखाली सोडलं होतं. पण मी थबकलो ते मोजमापाशी. संशोधकांनी जमिनीवर बाण काढून वाट आखली, तिच्यात अडथळे ठेवले आणि उजेड कमी कमी करत रुग्णांना चालायला लावलं. वर्षभराने उपचार घेतलेल्या 20 जणांपैकी 13 जण एक लक्स उजेडात, म्हणजे मिणमिणत्या रात्रदिव्याएवढ्या प्रकाशात, ती वाट पार करू शकले. उपचार न मिळालेल्यांपैकी एकालाही ते जमलं नाही. आणि तक्त्यावरच्या नजरेत मात्र दोन्ही गटांत ठोस म्हणावा असा फरक नव्हता.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या दवाखान्यात तपासले असते, तर त्या 13 जणांना मी "फरक नाही" असं लिहून दिलं असतं. बाईंचा गोठा आणि ती आखलेली वाट, दोन्ही एकच प्रश्न विचारत होते. अडाणी मी होतो.

मग "उपाय नाही" हे वाक्यही तपासून पाहिलं. ते अर्धवट होतं. आरपीत मधल्या भागाला सूज येते, तिच्यावर औषध आहे. लवकर येणारा मोतीबिंदू काढता येतो. रेफ्सम आजारासारखे काही प्रकार पथ्याने आटोक्यात राहतात. लक्सटर्ना एकाच जनुकासाठी आहे आणि त्यानेही झीज कायमची थांबते असं नाही. पण कोणतं जनुक बिघडलंय हेच माहीत नसेल, तर उद्याचा उपचार दाराशी येऊनही उपयोग नाही. श्रीमंत देशांचं काम म्हणत होतो, तर जगात साधारण 4,000 माणसांत एकाला असणारा हा आजार नागपूरकडच्या खेड्यांतल्या पाहणीत सुमारे 750 जणांमागे एकाला आढळला आहे. मामाची मुलगी करण्याची रीत आपलीच. आईबापांकडून एकच सदोष जनुक दुहेरी येण्याची शक्यता अशा लग्नांत वाढते.

बाईंना मी परत बोलावलं. मुलाची फील्ड टेस्ट केली. दृष्टिक्षेत्र 20 अंशांवर आलं होतं. "एवढं दिसतं," असं कागदावर वर्तुळ काढून दाखवलं आणि जनुकतपासणीची चिठ्ठी दिली.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि वाचकांना एवढंच सांगतो: घरातलं मूल अंधारात अडखळत असेल, तर तक्त्यावर समाधान मानू नका, फील्ड टेस्ट मागा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दृष्टिक्षेत्र 40 अंशांपेक्षा कमी असेल तर ती अल्पदृष्टी आणि 10 अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व धरलं जातं, मग तक्ता कितीही खाली वाचता येवो.