नेमका बिघाड

ॲल्युमिनियमच्या डबीला एक भोक जास्त होतं आणि त्यावर गणपतीचा स्टिकर चिकटवलेला होता. भाच्याने गिटारसाठी घरीच फझ पेडल केलं होतं. पायाने दाबायची ही डबी गिटार आणि अँप्लिफायरच्या मध्ये बसते आणि स्वच्छ सूर खरखरीत करते. आवाज ऐकायचा सोडून माझं लक्ष स्टिकरपाशीच अडकलं. "मामा, भोकं आतून आखली आणि बाहेरून पाडली," तो म्हणाला. डावं ते उजवं झालं.

या छंदातल्या कितीतरी चुका डाव्या-उजव्याच्याच. व्हेरोबोर्डवर सुटे भाग एका बाजूने बसवायचे आणि तांब्याच्या पट्ट्या दुसऱ्या बाजूने तोडायच्या. भलतीच पट्टी तुटते. बीसी ५४७ ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन ३९०४ तसाच धरा, क्रम बरोबर उलटा. नऊ पायांचा फूटस्विच पाव फेरी फिरवूनही बेमालूम बसतो, फक्त चालत नाही. मला सगळ्यात खट्याळ वाटते ती पोटेन्शिओमीटरची चूक. झाकण लावलं की त्याची धातूची पाठ सर्किटच्या डागांना टेकते. उघडी डबी वाजते, स्क्रू आवळले की मुकी. मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला की भागतं, पण पुठ्ठा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विकायला नसतो, म्हणून तो कुणाला सुचत नाही.

गंमत अशी की फझचा हा खरखरीत आवाज जन्मला तोच बिघाडातून. नॅशव्हिल, १९६०. गायक मार्टी रॉबिन्सचं ‘डोन्ट वरी’ हे हळवं गाणं रेकॉर्ड होत होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होता. मिक्सिंग कन्सोलच्या त्याच्या चॅनेलमधला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि बाटलीत भुंगा अडकावा तशी घरघर उमटली. कुणीही शहाण्याने पुन्हा घेतलं असतं. ते तसंच ठेवलं गेलं, आणि १९६१ मध्ये गाणं अमेरिकेच्या कंट्री यादीत पहिलं आलं. मग इतरांनाही तोच आवाज हवासा झाला. पण बिघडलेला चॅनेल काही कायम तसाच बिघडलेला राहत नाही, तो पुरता बंद पडला. तेव्हा ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडीने रेव्हिस हॉब्जच्या मदतीने तो बिघाड ट्रान्झिस्टरांत बांधला. गिटार कंपनी गिब्सनने १९६२ मध्ये तो मायस्ट्रो फझ-टोन म्हणून बाजारात आणला. गिटारमधून ट्युबा आणि सेलो काढा, असा जाहिरातीचा थाट. खप बेताचाच. १९६५ मध्ये कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये तो लावला, तोही पुढे तिथे ब्रास वाद्यं घालायची म्हणून कच्चा खर्डा. खर्डाच गाजला, आणि दुकानांतली पेडलं संपली.

तेव्हापासून लोक निगुतीने बिघाड बांधत आलेत. त्यात सोल्डरचा एक डाग कच्चा (ड्राय) राहिला तर मात्र नुसती शांतता. ती कुणी जपून ठेवत नाही.

फझसाठी जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टरच हवेत म्हणणाऱ्या भक्तांशी माझं जमत नाही. हवा तापली की त्या ट्रान्झिस्टरांचा बायस सरकतो. शिवाय त्यांतला एसी १२८ पीएनपी, म्हणून सर्किटमध्ये बहुधा बॅटरीची धन बाजू ग्राउंडला. असं पेडल इतर पेडलांच्याच ॲडॉप्टरवर जोडलं की शॉर्ट. साधा सिलिकॉनचा बीसी ५४७ घ्यावा, काही रुपयांत मिळतो.

आणि पेडल मुकं निघालं तर सोल्डरिंग गन तापवण्याआधी गिटारचं व्हॉल्यूम शून्यावर नाही ना, तेवढं बघा.