गुपचूप

नागपूरच्या सदरमध्ये भीतीची गोष्ट भीतीची म्हणून कुणी सांगत नाही. निदान आमच्या पानठेल्यावर तरी नाही. तिथं सुरुवात होते ती ‘एक मजाच झाली बे त्या दिवशी’ अशी. पुढे जी मजा येते, तिच्यात कुठं तरी एक जागा अशी असते की सांगणारा भरभर बोलू लागतो, नाही तर थुंकायला उठतो, नाही तर ‘जाऊ दे, मग काय झालं’ म्हणत एकदम पुढच्या चौकात पोचतो. बाकीचे हसत असतात. मित्र कोण, तर ज्याला ती गाळलेली जागा कळते तो. मैत्रीविषयी मला एवढंच कळतं, आणि तेही सदरमध्येच कळलेलं.

सदर म्हणजे इंग्रजांच्या रेसिडेन्सीच्या आणि छावणीच्या आसऱ्यानं वाढलेला बाजार. रेसिडेन्सी गेली, रस्त्याला नाव तेवढं राहिलं. एका अंगाला ऑल सेंट्स कॅथेड्रल, दुसऱ्या अंगाला मंगळवारी बाजार आणि गड्डीगोदाम, मध्ये लिबर्टी आणि स्मृती ही टॉकीजची नावं, आणि या सगळ्यातून वाहणारी मराठी-हिंदी-उर्दू-इंग्रजीची खिचडी. 2020 पासून रेसिडेन्सी रोडच्या डोक्यावर उड्डाणपूल आला. पुलानं रस्त्याचं काय भलं केलं ते वाहतूकवाल्यांना विचारा. आम्हाला त्याचा फायदा एकच, पाऊस आला तरी किस्सा मध्येच तुटत नाही.

आम्ही तिघं. नावं सांगत नाही, कामांवरून ओळखा.

पहिला बोर्डवाला. 31 ऑक्टोबर 1987, विश्वचषक, भारत विरुद्ध न्यूझीलंड, आणि सामना सिव्हिल लाइन्समधल्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर, म्हणजे सदरच्या लेखी घरच्याच अंगणात. तिकिटाला पैसे नव्हते. पण धावफलकावर पाट्या बदलणाऱ्या पोरांत एक जागा होती, वर दिवसाची मजुरी. आता या गड्याला उंचीची भीती. गच्चीवर वाळवण राखायलाही बसायचा नाही, आईला सांगायचा, ऊन लागते. तरी मॅचसाठी चढला. फलकामागं लोखंडी शिडी, दोन फळ्या आणि समोर पत्रा. खाली पाहायचं नाही म्हणून त्यानं दिवसभर पत्र्यावरच्या खिळ्याकडं पाहिलं. त्या दिवशी चेतन शर्मानं रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफील्ड यांचे लागोपाठच्या तीन चेंडूंवर त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. पाच बाद 182 चे आठ बाद 182 झाले. सारं मैदान उभं राहून ओरडत होतं आणि आमचा मित्र पाचाची पाटी काढून सहाची, सहाची काढून साताची, साताची काढून आठाची टांगत होता. ‘बोंब झाली की पाटी बदलायची, एवढंच ठरवलं होतं मी,’ तो सांगतो. ‘रनच्या पाट्यांना तर हातही लावा लागला नाही. तेवढाच आराम.’ त्यानंतर गावसकरनं अंगात ताप असताना नाबाद 103 ठोकले. एकदिवसीय सामन्यांतलं त्याचं ते एकुलतं एक शतक. तेही यानं कानांनीच पाहिलं.

ठेल्यावर हा किस्सा इथं संपतो आणि टाळ्या मिळतात. तो उतरला कसा, हे तो सांगत नाही. मॅच सुटली, मैदान रिकामं झालं, झाडूवाले आले, तरी हा वरच. आम्ही दोघं त्याला घ्यायला गेलो तेव्हा फळीवर बसून पत्रा दोन्ही हातांनी धरून होता. आमच्यातला दुसरा काही न बोलता शिडी चढला, त्याच्या एक पायरी खाली राहिला, आणि त्याचा एकेक पाय धरून पायरीवर ठेवत खाली आणला. बाहेर येऊन तिघांनी तर्री-पोहे खाल्ले आणि गावसकरबद्दल भांडलो. शिडीचा विषय त्यानंतर कधीच निघाला नाही. इथं लिहायला हरकत नाही. बोर्डवाला मराठी मासिकं वाचत नाही.

शिडी चढणारा तो दुसरा, कूलरवाला. नागपुरात होळी झाली की माळ्यावरचे कूलर खाली येतात. जुनं वूडवूल काढायचं, नवं ठासायचं, टाकीला डांबर लावायचं, टिल्लू पंप चालतो का बघायचं. नवतपा येईपर्यंत या कामाला मरण नाही. कूलरवाल्यानं बरेच उन्हाळे हे काम केलं, आणि त्याच्या पेटीतले किस्से आमच्या सगळ्यांहून सरस. कुणाच्या कूलरमध्ये मांजर व्यालेली, मालकीणबाई म्हणाल्या, पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत आम्ही उकाडा सोसू. कुणा रिटायर्ड साहेबानं खसच्या ताटीत अत्तर शिंपडायला लावलं आणि रात्रभर घर उरुसासारखं घमघमलं. पण सगळ्यांत गाजलेला किस्सा त्याच्या तपासणीचा. कूलर चालू केला की हा दोन पावलं मागं सरायचा आणि मालकाला अदबीनं म्हणायचा, ‘साहेब, जरा हात लावून पाहा बरं, गार लागते का.’ साहेब हात लावायचे. साहेबांना काही झालं नाही, म्हणजे पत्र्यात करंट उतरलेला नाही. मग हा पुढं होऊन पैसे घ्यायचा.

हसून हसून पोटात दुखायचं आमच्या. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. ओली फरशी, उघडी वायर, अर्थिंगचा पत्ता नाही. अशाच एका एप्रिलमध्ये कूलरवाल्याचा थोरला भाऊ गेला. कूलरमध्ये बादलीनं पाणी टाकत होता. भावानंतर त्याचीच पेटी उचलून यानं काम धरलं. किस्स्यात भाऊ नसतो, साहेब असतात. आणि साहेबांचा हात पत्र्याकडं निघाला की बोर्डवाला दर वेळी न चुकता ठेलेवाल्याकडं वळतो आणि मोठ्यानं चहा सांगतो.

तिसरा मी. माझी भीती जिभेत. मी ‘द’वर अडकतो, आणि विदर्भात ‘द’वाचून पान हलत नाही. 1953 च्या नागपूर करारानं विधिमंडळाचं एक अधिवेशन इथं यायचं ठरलं. 1960 पासून ते येतं, आणि तेवढे दिवस सिव्हिल लाइन्सला रोजंदारीची माणसं लागतात. एका बंगल्यावर मला भेटायला येणाऱ्यांच्या चिठ्ठ्या घेऊन नावं पुकारायचं काम लागलं. पहिलीच चिठ्ठी देशमुखांची. मी ‘दे… दे…’ वर थांबलो. रांगेतून तीन माणसं उठली, एक देशमुख, एक देशपांडे, एक देवतळे. चौथा पुढं येऊन हळूच म्हणाला, ‘किती द्यायचं आहे साहेब?’ हा किस्सा मी आजवर इतक्यांदा सांगितलाय की सांगताना अडकत नाही. गाळतो ते एवढंच: त्या रात्री मी काम सोडायचं ठरवलं होतं. दुसऱ्या सकाळी पाहतो तर रांगेत कूलरवाला. हिवाळ्यात त्याला धंदा नसे. मी अडकलो की हा चिठ्ठीत डोकावायचा आणि अख्ख्या आवारावर खेकसायचा, ‘देशमुख कोण आहे बे? चला ना भाऊ, लवकर!’ लोकांना वाटायचं, हा बंगल्यावरचाच माणूस. अधिवेशन संपेपर्यंत तो रोज आला. मी का आलास विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

बायका म्हणतात, तुम्ही पुरुष तासन्‌तास बोलता आणि एकमेकांचं काहीच तुम्हाला ठाऊक नसतं. हा आरोप अर्धा खरा आहे. बोर्डवाल्याच्या मुलीला बारावीला किती टक्के पडले हे मला सांगता येणार नाही. पण तो कुठल्या वाक्याला थुंकायला उठेल ते सांगता येईल.

याच नागपुरात भीतीला तोंडावर नाव घेऊन हाक मारणारा एक माणूस राहून गेला. गजानन माधव मुक्तिबोध. 1948 ते 1958 अशी दहा वर्षं. सरकारच्या माहिती खात्यात नोकरी, मग आकाशवाणीवर, मग ‘नया खून’ साप्ताहिकात. संसार ओढायला मिळेल ते काम. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी, हे हिंदीतले. ‘अंधेरे में’सारखी कविता ज्यानं लिहिली, त्याचा जिवलग मित्र कोण, तर हरिशंकर परसाई, आपल्या विनोदानं अख्ख्या हिंदी मुलखाला हसवणारा माणूस. हे मला भारी आवडतं. परसाई जबलपूरहून ‘वसुधा’ मासिक काढत आणि मुक्तिबोधांची ‘एक साहित्यिक की डायरी’ त्यात छापत. एकानं भ्यायचं, दुसऱ्यानं हसायचं, आणि दोघांनी मिळून अंक काढायचा. 1964 साली मुक्तिबोध आधी भोपाळच्या, मग दिल्लीच्या दवाखान्यात होते, तेव्हा धावपळ करणाऱ्या मित्रांत परसाई होते. मुक्तिबोध त्या सप्टेंबरमध्ये गेले. परसाईंनी पुढे त्यांच्यावर लिहिलं, तेही चांगलं लिहिलं. पण मला त्यांची दवाखान्यातली धावपळ अधिक मोलाची वाटते.

आता अलीकडचं. पाणीपुरीला आमच्याकडं गुपचूप म्हणतात. एका संध्याकाळी बोर्डवाला ठेल्यावर आला तो हसतच. ‘एक मजाच झाली बे. नातवाला घेऊन गुपचूप खायला गेलो, तर तोंडातच जाईना. दोनदा पाणी शर्टावर. गुपचूपवाला म्हणते, काका, अर्धी अर्धी करून देऊ का? नातू म्हणते, आबा, मी भरवू का?’ ठेला हसला. मीही हसलो. त्यानं सवयीनं पन्नीतला खर्रा तळहातावर घेतला. सुपारी, तंबाखू, चुना, समोर घोटून दिलेला. राज्यात गुटख्यावर बंदी 2012 साली आली. खर्रा घोटणाऱ्याच्या हाताला मात्र कुठं विसावा मिळाल्याचं आम्ही पाहिलं नाही. कूलरवाला हसला नव्हता. तो बोर्डवाल्याच्या ओठांकडं बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची स्कूटर बोर्डवाल्याच्या दारात. ‘बस मागं.’ ‘कुठं चाललो बे?’ ‘एक कूलर उचलायचा आहे, एकट्यानं होत नाही.’ डिसेंबरमध्ये कूलर. बोर्डवाल्याला काय ते कळलं असणारच. तो बसला. रस्त्यानं मला घेतलं, आणि एका स्कूटरवर तीन म्हातारे दातांच्या दवाखान्यात पोचलो. डॉक्टर पोरगी तरुण होती. तिनं त्याला सांगितलं, काका, तीन बोटं उभी जोडून तोंडात घाला. दीड बोट गेलं. मग तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंत आम्ही रोज भेटलो आणि रोज तेच जुने किस्से सांगितले, या वेळी कुणी काही गाळलं तरी चहा सांगायला कुणी वळलं नाही. अहवालात कॅन्सर नव्हता. गालांच्या आतली कातडी खर्ऱ्यानं दोरीसारखी ताठ झाली होती. खर्रा बंद, औषध, आणि घरी करायचा व्यायाम: आइस्क्रीमच्या चपट्या काड्यांची चवड दातांत धरायची, आणि जमेल तशी एकेक काडी वाढवत न्यायची.

आता ठेल्यावर खर्ऱ्याच्या जागी काड्या निघतात. काड्या मोजायचं काम बोर्डवाल्याकडं नाही. तो म्हणतो, आकडे बदलायची नोकरी मी एकदाच केली. ती नोंद कूलरवाला ठेवतो. ताठलेली कातडी पूर्ववत होत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं आहे. अख्खी गुपचूप अजून जात नाही.

तुमच्या कट्ट्यावर कुणी खर्रा, गुटखा, मावा खाणारा असेल, आणि तिखट झोंबतं, तोंड नीट उघडत नाही अशी मजेची गोष्ट तो हसत सांगू लागला, तर हसा, पण लगेच त्याला तीन बोटं उभी तोंडात घालायला लावा. गेली नाहीत तर दवाखान्यात न्या. तो नाही म्हणेल. काही तरी काम काढा आणि गाडीवर बसवा.