चिंचवडहून गुलमर्गास : एका फुगणाऱ्या पिशवीची हकीकत

पवनेच्या कांठीं, मोरया गोसाव्यांच्या समाधिमंदिरापासून हांकेच्या अंतरावर आमचें बिऱ्हाड आहे. पहांटेस देवळांतली घंटा ऐकूं येते, आणि तिच्या मागोमाग कारखान्यांच्या पाळीवर जाणाऱ्या गाड्यांची रीघ सुरू होते. बर्फ म्हणजे उसाच्या रसांत टाकावयाचा खडा, एवढीच ज्या गांवाची त्याच्याशीं ओळख, तेथें एका घरांत हिमलोटापासून जीव वांचविणाऱ्या पिशवीची चर्चा सबंध पौष महिना चालावी, ही गोष्ट वाचकांस चमत्कारिक वाटेल. मलाहि ती वाटली. पण घडलें तें असें.

माझी धाकटी बहीण वैधव्य आल्यापासून आमच्याच आळींत राहते. तिचा एकुलता एक मुलगा चाकणच्या एका मोटार-कारखान्यांत इंजिनिअर आहे. सह्याद्रींतले किल्ले पायांखालीं घालून झाल्यावर त्याला हिमालयाचें वेड लागलें, आणि गेलीं चार वर्षें तो हिवाळ्यांत गुलमर्गास जाऊन स्कीचा, म्हणजे पायांस लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत उतरण्याचा, खेळ खेळतो. आरंभीं तो आंखून दिलेल्या, दाबून सपाट केलेल्या उतारांवरच खेळे. तोंवर बहिणीनें कांहीं म्हटलें नाहीं. यंदा मात्र त्यानें आंखलेल्या वाटेबाहेरच्या कोऱ्या बर्फांत उतरण्याचा बेत केला, आणि त्यासाठीं एअरबॅगची पाठपिशवी घ्यावयाची म्हणून लाखाच्या घरांतली रक्कम बँकेंतून काढली. बहीण मला म्हणाली, “दादा, ज्या खेळाला लाखाची पिशवी लागते तो खेळ कसला रे? तूं त्याच्याबरोबर जा. ती पिशवी खरोखर कामाची आहे का तें पाहा, आणि नसेल तर त्याला तेथूनच परत घेऊन ये.”

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, जन्मभर मुलांकडून शब्दांचीं रूपें घोकून घेतलेला मास्तर. हिमाच्या राशीला ‘हिमानी’ असा सुंदर शब्द अमरकोशांत आहे; तो मीं वर्षानुवर्षें मुलांस पाठ करावयास लावला. परंतु ती राशि डोंगरावरून सुटून खालीं आली म्हणजे तिच्यांत सांपडलेल्या माणसानें काय करावें, हा प्रश्न मला कधीं पडला नव्हता. तो आतां पडला, आणि भाच्यालाच गुरु करून मी शिकावयास बसलों.

पहिला पाठ त्यानें चिवड्याच्या डब्यावर दिला. डबा जोरानें हलविला कीं मीठ, तीळ, डाळ्यांचा चुरा तळाशीं जातो आणि शेंगदाणे, खोबऱ्याचे काप वर येतात. हिमलोट वाहूं लागला म्हणजे त्यांतहि लहानमोठ्या ढेकळांची अशीच घुसळण होते. बारीक कण फटींतून खालीं उतरतात व मोठे वर ढकलले जातात. माणसाचा आकार अकस्मात् वाढविला तर तोहि मोठा दाणा होतो आणि वर राहण्याचा संभव वाढतो. पिशवींत घडी घालून ठेवलेला फुगा दांडी ओढतांच तीन-चार सेकंदांत फुगतो. त्यांत सुमारें दीडशें लिटर हवा मावते. बव्हेरियांतील एका वनरक्षकाला १९७० च्या सुमारास असें आढळलें कीं, शिकारीचें जनावर खांद्यावर असतां लोट आला तेव्हां आपण वरच राहिलों. त्याचें पेटंट पुढें पीटर आशावर नांवाच्या गृहस्थानें १९८० मध्यें विकत घेतलें व १९८५ मध्यें पहिली पिशवी लोकांपुढें मांडली.

पाहिल्याशिवाय माझी खात्री होईना, म्हणून एका रविवारीं आम्ही भोसरीस भाच्याच्या मित्राच्या लहानशा कारखान्यांत गेलों. त्या मित्राकडे वायूच्या सिलिंडरावर चालणारी जुनी पिशवी होती, आणि भाच्यानें विजेच्या पंख्यावर चालणारी एक पाहावयास मागून आणली होती. लेथ बंद करून दहा-बारा कामगार भोंवतीं उभे राहिले. दांडी ओढली मात्र, मोठा घुर्र असा आवाज होऊन भाच्याच्या डोक्यामागें तांबडा भोपळा उगवला. सर्व हंसले. परंतु एक आंबेगांव तालुक्याकडचा प्रौढ कामगार हंसला नाहीं. २०१४ च्या जुलैअखेर माळीण गांवावर डोंगर उतरला व दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं, तेव्हां तो मदतीस गेला होता. त्यानें विचारलें, “साहेब, हें वर ठेवील, पण मधें धोंडा लागला तर?” भाच्यानें मान्य केलें कीं धोंडा, झाड किंवा कडा यांपुढें पिशवीचें कांहीं चालत नाहीं, आणि उतार खालीं अरुंद घळींत संपत असेल तर वरून बर्फ सांचत जाऊन फुगलेला माणूसहि पुरला जातो. एवढा नेमका प्रश्न मला सुचला नव्हता, हें येथें कबूल करतों.

तेथून मोशीवरून इंद्रायणी ओलांडून आम्ही चाकणला गेलों, कारण भाच्याला मला त्याचा कारखाना बाहेरून तरी दाखवावयाचा होता. चाकण म्हणजे माझ्या लेखीं कांदा-बटाट्याचा बाजार आणि संग्रामदुर्ग. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें मूठभर माणसांनिशीं शाएस्तेखानाच्या फौजेस पावणेदोन महिने जेथें अडविलें, त्या भुईकोटाच्या तटबंदीचे अवशेष आज वस्तीनें वेढले आहेत व आसपास कोसच्या कोस मोटारींचे कारखाने पसरले आहेत. रहदारी इतकी कीं तीन मैलांस तास लागला. त्या खोळंब्यांत भाच्यानें मला एक भेद सांगितला तो फार मोलाचा. आपल्याकडे २०१९ च्या जुलैपासून प्रत्येक नव्या मोटारींत चालकापुढें एअरबॅग सक्तीची झाली. ती टक्कर होतांच डोळ्यांचें पातें लवण्याच्या आंत आपण होऊन उघडते. चालकाला कांहीं करावें लागत नाहीं. डोंगरावरची पिशवी मात्र कोणी ओढल्यावांचून उघडत नाहीं. पायांखालचा बर्फ सुटला आहे हें माणसालाच ओळखावें लागतें आणि हात त्यालाच वर न्यावा लागतो.

त्या रात्रीं भाच्यानें आईला कांहीं आंकडे वाचून दाखविले. कॅनडांतील पास्कल हेगेली व त्याचे सहकारी यांनीं २०१४ मध्यें अनेक देशांतील अपघातांचा हिशेब प्रसिद्ध केला. लोटांत गंभीरपणें सांपडलेल्यांपैकीं ज्यांची पिशवी फुगली नाहीं त्यांत शेंकडा २२ दगावले. फुगली त्यांत शेंकडा ११. बहिणीनें लगेच विचारलें, “आणि ते अकरा?” भाचा गप्प झाला. मग त्यानें पुढचें वाचलें : पांचांतील एकाची पिशवी फुगलीच नाहीं, आणि अशा दहांपैकीं सहांचें कारण यंत्राचा बिघाड नसून माणसानें दांडी ओढलीच नाहीं हें होतें.

हें ऐकल्यावर बहिणीनें स्वतःच एक उपाय काढला. भाचा जेवत असो, वर्तमानपत्र वाचीत असो, ती स्वयंपाकघरांतून एकाएकीं ओरडे, “ओढ!” आणि त्यानें डाव्या खांद्यावरच्या पट्ट्याकडे हात नेलाच पाहिजे. पिशवी आल्यावर तर तिनें ती पाठीवर घालून, हातांत लोंकरीचे जाड मोजे चढवून, घाम गळत असतां हा सराव करविला. दोन मांड्यांमधून घ्यावयाचा पट्टा कोणी आळसानें लावीत नाहीं, आणि तो नसला तर लोट पिशवी अंगावरून उपटून नेतो, असें कळल्यावर तोहि रोज लावून घेतला.

पिशवी कोणती घ्यावी हा प्रश्न या सरावानेंच सोडविला. सिलिंडराची पिशवी साधी व भरंवशाची खरी. पण एकदां ओढली कीं नवें सिलिंडर पाहिजे, म्हणजे सराव नाहीं. शिवाय त्यांत वायु वातावरणाच्या दोनशें-तीनशें पट दाबानें कोंडलेला. विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत दर माणशीं अशी एक पिशवी नेण्यास मुभा आहे, परंतु विमानकंपनीची संमति आधीं पाहिजे व दांडी चुकून ओढली जाणार नाहीं अशी बांधणी पाहिजे. अमेरिकेंत तर भरलेलें सिलिंडर विमानांत घेऊंच देत नाहींत. भोसरीच्या मित्राला दोन वर्षांपूर्वीं एका विमानतळावर सिलिंडर काढून ठेवावें लागलें. डोंगरावर दुसरें मिळालें नाहीं, आणि तो रिकामी पिशवी पाठीवर मिरवून परत आला. म्हणून आम्हीं पंख्याची घेतली. तींतहि विजेचा सांठा लिथियमच्या बॅटरींत नसून कपॅसिटरांत असलेली. कडाक्याच्या थंडींत बॅटरीचा जोर मंदावतो, तसा कपॅसिटराचा फारसा मंदावत नाहीं. आणि विमानाच्या नियमांची कटकटहि कमी. वजन सारें मिळून तीन किलोच्या आसपास. तरीहि मीं हट्टानें विमानकंपनीस पत्र लिहविलें व उत्तराच्या दोन प्रती कागदावर काढून घेतल्या. भाचा हंसला, परंतु लोहगांवच्या तळावर सुरक्षा-जवानानें तो कागद शांतपणें वाचला, बटन बंद आहे हें पाहिलें, आणि “हें फुगवून दाखवूं नका म्हणजे झालें” असें म्हणून आम्हांस सोडलें.

दिल्लीवरून श्रीनगर, तेथून तंगमर्गाचा घाट चढून गुलमर्ग. त्या शोभेचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. मी करीत नाहीं. मला दिसत होता तो अफरवताचा पांढरा उतार. १९९८ पासून कोंगदूरीपर्यंत व २००५ पासून जवळजवळ तेरा हजार फुटांवर पाळणे जातात. त्यामुळें जेथें पोंचावयास पूर्वीं दिवस लागे तेथें आतां माणूस अर्ध्या तासांत उभा राहतो. त्या पाळण्यांच्या आसपासच खिलनमर्गांत २०१० च्या फेब्रुवारींत लष्कराच्या विद्यालयाचे सतरा जवान लोटांत गेले. २०२३ मध्यें पोलंडचे दोघे, २०२४ मध्यें रशियाचा एक, असे परदेशी खेळाडूहि याच डोंगरावर दगावले. हें मीं बहिणीस आधीं सांगितलें नव्हतें.

तिसऱ्या दिवशीं पहांटेपर्यंत बर्फ पडत होता. उजाडतां आकाश निवळलें. भाचा व त्याचे तीन सोबती वर गेले. मी पहिल्या पाळण्यानें कोंगदूरीला जाऊन कांगडी पोटाशीं धरून बसलों. चौघांपैकीं तिघांपाशीं फुगणाऱ्या पिशव्या होत्या. एकमेकांस शोधण्याचा ट्रान्सीव्हर, बर्फांत खुपसावयाची लांब काठी आणि फावडें हीं प्रत्येकापाशीं असलींच पाहिजेत, कारण पुरलेल्या माणसाची खरी आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच असते आणि तेवढ्यांत बाहेरची मदत येत नाहीं. वर पोंचल्यावर कळलें कीं चौथ्याचा ट्रान्सीव्हर खोलींतच राहिला आहे. तिघांचें म्हणणें पडलें, पिशव्या आहेत ना, मग भीति कसली? शिवाय असा ताजा बर्फ रोज मिळत नाहीं. भाच्यानें खालीं पाहिलें. उतार घळींत संपत होता. त्याला भोसरीचा कामगार आठवला, असें तो मला मागाहून म्हणाला. त्यानें नकार दिला. बरीच बोलाचाली झाली. शेवटीं दोघे आंखलेल्या वाटेनें उतरले, दोघे पाळण्यांत बसून आले.

मी दूरवरून लाल टोपी ओळखली तेव्हां हातांतला चहा निवून गेला होता. भाचा येऊन बाकावर बसला तो रागांतच. “मामा, तुम्हीं व आईनें मला भित्रा केलें,” एवढेंच तो बोलला. मी कांहीं उत्तर दिलें नाहीं. दुपारीं दुसरी एक टोळी त्याच घळींतून हुर्रे करीत उतरून आली. त्या दिवशीं तो उतार घसरला नाहीं; पुढच्या तीन दिवसांतहि नाहीं. सोबत्यांनीं त्याची जी थट्टा करावयाची ती केली, आणि ती त्यानें सोसली. शेवटच्या दोन दिवशीं वाटाड्याबरोबर, चौघांचीं यंत्रें तपासून, तो आंखलेल्या वाटेबाहेरहि उतरला. संध्याकाळीं त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद मीं पाहिला तो पाहून या खेळाला मी व्यसन म्हणत होतों तें म्हणणें सोडलें.

घरीं आल्यावर बहिणीनें पिशवी उलटीसुलटी करून पाहिली. “एकदांहि उघडली नाहीं?” तिनें विचारलें. नाहीं म्हटल्यावर ती झटकून, पुसून माळ्यावर ठेवली. जेवतांना मीं ट्रान्सीव्हराची गोष्ट सांगितली. ती ऐकून ती भाच्याकडे पाहत कांहीं वेळ थांबली, आणि आमटी वाढतां वाढतां एकदम म्हणाली, “ओढ!” भाच्याचा हात खांद्याकडे गेला, आमटी ताटाबाहेर सांडली.